रोहिणीच्या सोबत खरं कोण आहे?

आज रोहिणीकडे पाहू. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर या. मृगातले बाणाचे तीन तारे एका ओळीत दिसतील. ती ओळ खाली वाढवली की व्याध सापडतो. वर, उलट दिशेला वाढवली की एक ठळक नारिंगी तारा. तीच रोहिणी. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेंगळुरूला, भारतातून ती माथ्याजवळूनच जाते.

रोहिणी हा राक्षसी तारा आहे. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आणि बाहेरचे थर फुगले. आज त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे. फुगल्यामुळे पृष्ठभाग थंडावला. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, रोहिणीचं ३,६०० च्या आसपास. म्हणून तो नारिंगी रंग.

आता तिच्या शेजारी बघा. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी ताऱ्यांची आकृती दिसते आणि तिच्या एका टोकाला रोहिणी बसलेली असते. आपल्या पूर्वजांना यात गाडा दिसला. रोहिणीच्या या शकटाचा उल्लेख सूर्यसिद्धांतातही आहे. पाहणाऱ्याला वाटतं, हे सगळं एकच कुटुंब. प्रश्न असा की, खरंच आहे का?

फौजेत शिकवलेली एक गोष्ट इथे कामाला येते. रात्री समोरच्या डोंगरावर दोन दिवे शेजारी-शेजारी दिसले, तर त्यावरून फक्त दिशा कळते. एक दिवा दोन किलोमीटरवर आणि दुसरा पाच किलोमीटरवर असू शकतो. अंतर काढायचं तर दोन माहीत असलेल्या ठिकाणांवरून कंपासने बेअरिंग घ्यायचं आणि नकाशावर दोन्ही रेषा जिथे छेदतात ते बघायचं. याला आम्ही इंटरसेक्शन म्हणतो.

खगोलशास्त्रज्ञ हेच करतात, फक्त त्यांची दोन ठिकाणं सहा महिन्यांच्या अंतराने येतात. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या पलीकडे, सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर पोचलेली असते. जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने तो फार बारकाईने मोजला.

उत्तर काय आलं? रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, तर शकटातले बाकीचे तारे सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. त्या ताऱ्यांच्या गुच्छाला हायडीज म्हणतात. म्हणजे रोहिणीचा आज दिसणारा प्रकाश माझ्या जन्माच्या आसपास निघालेला; शेजारच्या ताऱ्यांचा निघाला तेव्हा १८५७ च्या उठावाला वीस वर्षंही झाली नव्हती.

दुसरा पुरावा चालीचा. पलटण निघाली की सगळ्यांची पावलं एकाच दिशेने पडतात. हायडीजचे तारे असेच एकत्र, आकाशात मुख्यतः पूर्वेकडे सरकतात. रोहिणी मात्र मुख्यतः दक्षिणेकडे चालली आहे. तुकडीच्या समोरून आडवा रस्ता ओलांडणारा वाटसरूच म्हणा. वयही जुळत नाही: हायडीजचं वय साठ-पासष्ट कोटी वर्षांच्या घरात, रोहिणीचं त्याच्या कितीतरी पट.

हा फरक माहीत नसला तर काय बिघडतं? बरंच बिघडतं. हायडीज हा आपल्याला सर्वांत जवळचा मोठा तारकागुच्छ. १९०८ मध्ये लुईस बॉस यांनी त्याच्या ताऱ्यांच्या समान चालीवरून त्याचं अंतर काढलं, आणि दूरच्या अंतरांचा हिशोब पुढे बराच काळ या पायरीवर उभा राहिला. रोहिणीला चुकून १५० प्रकाशवर्षांवर ठेवलं, तर तिची खरी तेजस्विता पाचपटीहून जास्त फुगेल. पहिलं अंतर चुकलं की पुढचे सगळे आकडे चुकतात. हे तोफखान्यातल्या कुणालाही विचारा.

मग रोहिणी एकटीच आहे का? १७८२ मध्ये विल्यम हर्शल यांना दुर्बिणीतून तिच्याजवळ एक अंधूक तारा दिसला. पुढच्या मोजमापांत तो तिच्यापासून दूर सरकत असल्याचं आढळलं. तोही नुसता दिसण्यातला सोबती. १८८८ मध्ये बर्नहॅम यांना त्याहून जवळ, चौदाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा तारा सापडला. त्याची चाल मात्र रोहिणीच्या चालीशी जवळपास तंतोतंत जुळते. म्हणून तो तिचा खरा सहचर असावा असं मानतात.

गंमत बघा. झगमगणारे शेजारी नुसते त्या दिशेला आहेत, आणि बरोबर चालणारा तो बारीकसा तारा आपल्याला दिसतही नाही. कोण सोबत आहे हे ठरवायचं तर तीन गोष्टी तपासायच्या: दिशा, अंतर आणि चाल. डोळ्यांना यातली फक्त पहिली कळते.

घरी दुर्बीण असेल तर शकटाच्या दुसऱ्या टोकाचा ताराही पाहा. तोही नारिंगी छटेचा राक्षसी तारा आहे, पण तो हायडीजचा खरा सभासद. पुढच्या भागात शेजारच्या कृत्तिकांकडे जाऊ. जय हिंद.