टोमॅटोच्या सौद्यात आधी पान पाहावे

आमचा धंदा कापडाचा. पण घाटकोपर, मुलुंड, अंधेरीकडील आपले काही बांधव भाजीपाल्याच्या व्यापारात आहेत. वाशीच्या घाऊक बाजारातून माल उचलणे वेगळे आणि नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शेतात उभ्या पिकावर बयाणा देणे वेगळे. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला. अशा तेजीत बयाणा देण्याचा मोह होतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही भागीदारीत असा सौदा केला. फळ पाहिले, पान पाहिले नाही. करप्याने पंधरा दिवसांत झाडे वाळली आणि रक्कम बुडाली.

तेव्हा रोगाची ओळख करून घ्यावी. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. तपकिरी ठिपक्यात एकात एक वर्तुळे दिसतात, पाने पिवळी पडून गळतात आणि उघडी पडलेली फळे उन्हाने भाजतात. उशिरा येणारा करपा थंड, ढगाळ, ओल्या हवेत येतो. पानावर पाणी मुरल्यासारखे काळपट डाग पडतात, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसते आणि काही दिवसांत अख्खा प्लॉट बसतो. 1845 मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर हाच रोग पडला व भीषण दुष्काळ आला. तिसरा रोग भुरी. पानावर पिठासारखा पांढरा थर येतो. त्यावर गंधक चालते.

पावसाळ्यात ओल लागलेल्या गाठीला बुरशी धरते, तसेच पानाचे आहे. पान जितका वेळ ओले, तितका करपा जास्त. म्हणून झाडे बांबू-तारेवर बांधलेली असावीत, दोन ओळींत हवा खेळावी, पाणी ठिबकने मुळाशी द्यावे. जमिनीला टेकलेली व रोगट पाने काढून शेताबाहेर नष्ट करावीत. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची ही पिके त्याच जमिनीत लागोपाठ घेऊ नयेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा वाण लवकरच्या करप्याला तोंड देतो.

मॅन्कोझेब 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम घालून फवारतात. एक टक्का बोर्डो मिश्रणही चालते. त्यासाठी आपल्या रंगारी बांधवांच्या ओळखीचे मोरचूद 1 किलो आणि कळीचा चुना 1 किलो, प्रत्येकी 50 लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करतात. त्यात लोखंडी सुरी बुडवावी. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ही औषधे पानावर कवच धरतात, आत शिरलेला रोग बरा करीत नाहीत. म्हणून फवारणी डाग पसरण्याआधी हवी. फवारणी व तोडणी यांत डब्यावर लिहिलेले दिवस सोडावेत. ते फळ कोणाच्या तरी घरी जाणार आहे.

बयाणा देण्यापूर्वी शेतात आतवर जावे, खालची पाने उलटून पाहावीत आणि शेवटची फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारावे. कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजतो काय?