ज्येष्ठांनी वाहन चालविणे कधी थांबवावे?

सत्तरी ओलांडलेले वडील आजही स्वतः मोटार काढून भाजी आणायला जातात, याचे घरातील मंडळींना कौतुक असते. मात्र, मोटारीवर नवनवे ओरखडे दिसू लागले, की कौतुकाबरोबर काळजीही सुरू होते. 'बाबा, आता गाडी चालवू नका,' हे सांगायचे कोणी आणि कधी, असा पेच शहरांतील अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. मुले परगावी किंवा परदेशी असतील, तर तो अधिकच अवघड होतो. कारण अशा घरात दवाखाना, बँक आणि नातेवाईक यांच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे तीच मोटार किंवा स्कूटर असते.

कायद्यात कमाल वय नाही

वाहन चालविणे अमुक वयाला थांबवावे, असे भारतीय कायदा सांगत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पंचावन्न वर्षांनंतर काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना पाच वर्षांसाठी वैध असतो. नूतनीकरणासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. अर्जासोबतच्या घोषणापत्रात, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो. त्याचे उत्तर अर्जदार स्वतःच देतो. आजार किंवा अपंगत्वामुळे एखादी व्यक्ती वाहन चालविण्यास अपात्र असल्याचे सबळ कारण दिसल्यास परवाना अधिकारी तिच्याकडून नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. परंतु, पाच वर्षांच्या काळात प्रकृतीत बरेच बदल होतात आणि ते प्रथम लक्षात येतात घरच्यांच्याच. त्यामुळे निर्णयाची जबाबदारी प्रत्यक्षात कुटुंबावरच येते.

शरीर काय सांगते?

केवळ वय वाढले म्हणून कोणी वाईट चालक ठरत नाही. पण वयाबरोबर येणारे काही बदल रस्त्यावर महागात पडतात. मोतीबिंदूमुळे समोरच्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपतात. काचबिंदूत नजरेचा परीघ आक्रसतो आणि तरीही समोरचे बराच काळ स्पष्ट दिसत राहते. त्यामुळे डाव्या बाजूने घुसणारी दुचाकी दिसलीच नाही, हे चालकालाही उमगत नाही. मान आखडल्यास मागे वळून पाहणे टाळले जाते. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होऊन पेडलचा अंदाज चुकू शकतो; साखर अचानक उतरल्यास चालकाला भोवळ येऊ शकते. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. स्मृतिभ्रंशात तर आपली क्षमता घटल्याची जाणीवच हरपते.

चुकीची किंमत इतरांनाही मोजावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीने एका तरुण आईचा आणि तिच्या चिमुकल्या मुलीचा बळी घेतला. मोटारीत बिघाड झाल्याचा त्याचा दावा होता. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्याचा निष्कर्ष काढून न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. जपानमध्ये परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय आहे. २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख जणांनी तो परत केला.

या खुणांकडे लक्ष द्या

* मोटारीवर, फाटकावर किंवा पार्किंगच्या खांबावर वारंवार नवे ओरखडे
* रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे
* सिग्नल किंवा गतिरोधक लक्षात न येणे
* ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांत गोंधळ
* स्कूटर थांबविताना किंवा स्टँडवर लावताना तोल जाणे
* मागील वाहनांचे सततचे हॉर्न

एखादी चूक कोणाच्याही हातून होते. त्याच चुका पुन्हा पुन्हा होत असतील, तर दुर्लक्ष करू नये. त्यासाठी आई-वडिलांच्या शेजारी बसून दोन-चार वेळा, गर्दीच्या वेळीही, प्रवास करावा. वाटचुकीचा किंवा पेडलच्या गोंधळाचा प्रकार घडल्यास मात्र वैद्यकीय तपासणी होईपर्यंत गाडी बंदच ठेवावी.

टप्प्याटप्प्याने निर्णय

किल्ली लपविणे किंवा नातवंडांसमोर चुकांचा पाढा वाचणे, यातून अपमानापलीकडे काही साधत नाही. प्रथम नेत्रतपासणी आणि नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने किंवा औषध बदलल्याने प्रश्न सुटूही शकतो. मुलांचे न ऐकणारे वडील डॉक्टरांचे ऐकतात, हाही अनेक घरांतील अनुभव आहे. प्रकृती ठीक असली, तरी आधी रात्रीचे आणि महामार्गावरील वाहन चालविणे थांबवावे, नंतर गर्दीच्या वेळचे. परगावी जाण्यासाठी एसटीचा पर्याय आहे. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत करण्यात आला.

गाडी थांबली, तरी फिरणे थांबता कामा नये. ओळखीचा रिक्षावाला, आठवड्यातून दोन दिवस येणारा चालक किंवा मुलांनी मोबाइलवरून मागविलेली टॅक्सी, अशी सोय आधी करावी आणि मगच किल्ली मागावी. मोटारीच्या इंधनाचा, विम्याचा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च मांडून पाहिला, तर त्यातील बराच भाग या सोयीसाठी वळविता येतो. हा हिशेब आई-वडिलांनाच मांडू द्यावा. निर्णय त्यांचा असेल, तर तो टिकण्याची शक्यता अधिक असते.