वीजपंपाचा ऑटो स्विच आणि गावाचे रोहित्र

औसा तालुक्याच्या दक्षिणेकडून तेरणा वाहत असली, तरी येथील रब्बीची भिस्त मुख्यतः विहिरी आणि विंधन विहिरींवर असते. हरभऱ्याला एखादे पाणी, उसाला पाळीचे पाणी द्यावयाचे असते आणि ऐन त्याच दिवसांत गावाचे रोहित्र जळते. ते बदलून मिळेपर्यंत त्यावरील सर्वच पंप बंद राहतात. रोहित्र जळण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक स्टार्टरशेजारच्या लहानशा पेटीत, म्हणजे ऑटो स्विचमध्ये, दडलेले असते.

स्टार्टरमध्ये मुळातच एक सुज्ञ योजना केलेली असते. वीज जाताच त्यातील नो-व्होल्ट कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्याखेरीज पंप सुरू होत नाही. ऑटो स्विच हे बटण दाबण्याचे काम माणसाऐवजी करतो. शेतीचा वीजपुरवठा ठराविक तासांचा, पुष्कळदा रात्रीचा. कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जाण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याने ही पेटी बसविली म्हणून त्याला आळशी ठरविणे अन्यायाचे होईल.

अडचण उद्भवते ती सर्वांनीच पेटी बसविल्यामुळे. पाच अश्वशक्तीचा पंप नेहमीच्या चालीत सुमारे साडेसात अँपिअर वीजप्रवाह घेतो. थेट सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या पाच ते सहापट. १०० केव्हीए रोहित्राची क्षमता प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर असते. त्यावर असे १५ पंप चालले तर भार ११२ अँपिअरच्या आसपास, म्हणजे मर्यादेत राहतो. परंतु तेच १५ पंप एकाच क्षणी सुरू झाल्यास मागणी साडेपाचशे अँपिअरच्या वर जाऊ पाहते. मग विजेचा दाब कोसळतो, मोटारी गती घेऊ शकत नाहीत आणि तो जादा प्रवाह ओढतच राहतात. फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल, तर ताण थेट रोहित्राच्या गुंडाळीवर येतो.

थंड देशांतही हाच अनुभव आहे. तेथे घरे तापविणारी विद्युत उपकरणे तापमान पाहून आपोआप चालू-बंद होतात. एरवी त्यांच्या वेळा निरनिराळ्या असतात. परंतु वीज दीर्घकाळ खंडित झाली, की सर्व घरे थंड पडतात आणि पुरवठा येताच सारी उपकरणे एकदम चालू होतात. म्हणून तेथे पुरवठा टप्प्याटप्प्याने सुरू करतात.

ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरणतर्फे वारंवार केले जाते. या दोहोंची कार्ये भिन्न आहेत, हे गावात समजावून सांगितले पाहिजे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावल्यास चालू पंपाचा रोहित्रावरील भार हलका होतो. सर्व पंप एकदम सुरू होण्याचा धक्का त्याने टळत नाही. त्यासाठी पंप हातानेच, काही मिनिटांच्या अंतराने सुरू करणे हाच मार्ग आहे. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांची यादी करून क्रम ठरविणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. ज्यांना रात्री जाणे खरोखरच अशक्य आहे, त्यांच्यासाठी विलंबाची सोय असलेली पेटी वापरावी आणि प्रत्येकाचा विलंब वेगळा ठेवावा.

विहिरींचे पाणी खालावले की हाताने चालविण्याचा आणखी एक लाभ दिसतो. पाणी संपल्यावर कोरडा चालणारा पंप बिघडतो, आणि बांध फुटून पाणी वाहून गेले तरी पेटीला त्याचा पत्ता नसतो. दुरुस्तीसाठी कोणी विहिरीत उतरले असता पंप अवचित सुरू होण्याचा धोका तर त्याहून गंभीर आहे.

बऱ्याच पेट्यांवर ‘ऑटो’ व ‘मॅन्युअल’ असा खटका असतो. तो फिरविणे पुरेसे ठरते. पेटी काढावयाची झाल्यास मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून, परवानाधारक वायरमनकडूनच जोडणी मूळ बटणावर आणून घ्यावी. त्याच वेळी स्टार्टर विहिरीच्या ओल्या काठावरून कोरड्या, छप्पर असलेल्या जागी हलवावा आणि अर्थिंगची तार तपासून घ्यावी.