खिशातली तालीम : लेखांक ६ – खाड्यानंतरचा दिवस

मागच्या लेखांकात फोन पावलं कशी मोजतो ते पाहिलं. आज पाहायचा आहे तो पावलं न पडलेला दिवस. व्यायामाची ॲप बनवणारे या दिवसाचा सगळ्यांत कमी विचार करतात आणि माझ्या मते माणसं ॲप सोडून देतात ती नेमकी इथेच.

उदाहरणासाठी जबलपूरच्या चेरीतालला जाऊ. ताल म्हणजे तळं. राणीताल राणी दुर्गावतीचं, चेरीताल तिच्या दासीचं, आधारताल मंत्री आधारसिंहाचं, अशी त्या शहरातली जुनी आख्यायिका. आज चेरीताल म्हणजे दाट वस्ती. समजा, तिथल्या एका मराठी घरातल्या साठीच्या काकूंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मुलाने फोनमध्ये ॲप टाकून दिलं. ॲपने वय, गुडघे, दिनक्रम यांतलं काहीही न विचारता रोज १०,००० पावलांचं लक्ष्य लावून टाकलं.

हा आकडा कुठल्या वैद्यकीय निष्कर्षातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर पसरला. पुढे २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये १५ पाहण्यांचा एकत्रित आढावा छापून आला. साठीच्या पुढच्या लोकांत मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास स्थिरावतो, असं त्यात दिसलं. म्हणजे काकू साडेसहा हजार पावलं चालल्या, तर त्यांनी दिवस सार्थकी लावला. ॲप मात्र त्यांना अपुरं वर्तुळ दाखवून नापास करतं.

आता खाडा. मे महिन्यात जबलपूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. जुलैत पाऊस रस्त्यावर पाऊल ठेवू देत नाही. घरी गौरी-गणपती असतात, पाहुणे असतात, एखाद्या आठवड्यात गुडघा धरतो. चार दिवस चालणं होत नाही. पाचव्या दिवशी काकू ॲप उघडतात, तेव्हा सलग २३ दिवसांची साखळी पुसून तिथे शून्य आलेलं असतं. खेळाच्या ॲपमधून उचललेली ही साखळीची युक्ती तरुण, निरोगी, मोकळा वेळ असलेल्या माणसाला चालना देते, हे मान्य. पण ज्याच्या आयुष्यात खाडे पडणारच आहेत, त्याच्या पदरी ती फक्त अपराधीपणा टाकते. अशा वेळी ॲप काढून टाकणं हा शहाणपणाचा निर्णय वाटतो, आणि बरेचदा ॲपबरोबर चालणंही सुटतं.

त्या चार दिवसांसमोर ॲपने मांडलेलं प्रत्येक शून्य खरं असेलच असंही नाही. फोनमधलं हालचाल टिपणारं यंत्र फोन अंगावर असेल तेव्हाच काम करतं. काकू सकाळभर स्वयंपाकघर, गच्ची, देवघर, अंगण अशा फिरत असतात आणि फोन चार्जिंगला असतो. ॲन्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, पावलं वाचायला वेगळी परवानगी द्यावी लागते. ती चुकून नाकारली गेली की नोंद थांबते. कित्येक फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारं ॲप परस्पर बंद करतात. ‘चालणं झालं नाही’ आणि ‘नोंद झाली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी ॲप एकाच शून्याने दाखवतं, आणि महिन्याची सरासरीही त्यावरूनच काढतं. सुधारणा सोपी आहे. जिथे नोंद नाही तिथली चौकट रिकामी ठेवावी, सरासरीतून तो दिवस वगळावा आणि एकच प्रश्न विचारावा : फोन घरी होता, की आज विश्रांती होती? सूर्यनमस्कार घातले असतील, तर तेही इथेच एका बोटाने नोंदवता यावेत. पावलं मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाहीत.

एका खाड्याने सवय मोडत नाही, याला पुरावा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० च्या सूचनांत हिशेब आठवड्याचा मांडते : प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. सलग किमान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अटही तिने काढून टाकली. मध्यरात्री बारा वाजता माणसाला नापास ठरवण्याचा नियम शरीराचा नाही, ॲपचा पडदा रंगवणाऱ्यांचा आहे.

जबलपूरला ही गोष्ट कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. नर्मदा परिक्रमेत चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात. चालणं थांबतं, परिक्रमा भंगत नाही. पाऊस सरला की त्याच जागेवरून पुढचं पाऊल पडतं. याच शहरातले चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली. नोकरी-संसार सांभाळत वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी ते चालत राहिले आणि त्यातून हिंदी-गुजराती प्रवासलेखनाला अपूर्व पुस्तकं मिळाली. आजच्या ॲपने त्यांची साखळी पहिल्याच टप्प्यानंतर पुसली असती.

मोठ्या कंपन्यांना हे उशिरा उमगतंय. ॲपलचं घड्याळ २०१५ ला आलं. साखळी न तुटता विश्रांती घेण्याची सोय २०२४ मध्ये मिळाली. लक्ष्य ठरवण्याचीही अधिक माणुसकीची रीत आहे. मार्क ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत एक लहानसा प्रयोग छापला. मागच्या नऊ दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि साधारण सहावा आकडा हे पुढचं लक्ष्य धरायचं. आजारपणानंतर लक्ष्य आपोआप खाली येतं, दम वाढला की वर जातं. सरसकट १०,००० चं लक्ष्य दिलेल्यांपेक्षा या गटाची पावलं अधिक वाढली. हे गणित कुठल्याही साध्या फोनला झेपण्याजोगं आहे.

राहिली भाषा. ‘तुम्ही लक्ष्यापेक्षा ६,२०० पावलं मागे आहात’ हे वाक्य सावकाराच्या तगाद्यासारखं वाटतं. त्याजागी ‘चार दिवसांनी आलात, आज दहा मिनिटं चाललात तरी पुरे’ असं लिहायला खर्च शून्य. मराठीत, मोठ्या अक्षरांत, ‘तुम्ही’ म्हणून.

ॲप बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, चाचणीसाठी रोज धावणारे लोक बोलवाल, तेव्हा महिनाभर खाडा पडलेली दोन माणसंही बोलवा आणि त्यांना पहिला पडदा दाखवा. वाचकांनी तोवर थांबायचं कारण नाही. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये रोजचं लक्ष्य बदलता येतं. ते आजच आपल्या वयाला नि गुडघ्यांना झेपेल इतकं खाली आणा आणि संध्याकाळचे तगादे बंद करा. पुढच्या लेखांकात पाहू, आपल्या चालण्याचा नकाशा नेमका कुणाकुणाच्या हाती जातो.