सिबिलचा सातबारा

२०१२ च्या मे महिन्यात माझा घरकर्जाचा अर्ज फेटाळला गेला. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी संगणकाकडे बघत एवढंच सांगितलं, "मॅडम, तुमचं सिबिल बसत नाही." कशामुळे बसत नाही, कुठल्या खात्यामुळे, किती रुपयांमुळे, ते सगळं त्यांच्यासमोर पडद्यावर होतं. पडदा माझ्याकडे वळवण्याची मुभा त्यांना नसावी. बिल्डरला टोकन दिलेलं होतं आणि तोवर एकही हप्ता चुकवल्याचं मला आठवत नव्हतं.

अहवाल मिळवायचा तर साडेचारशे रुपयांच्या आसपास शुल्क होतं. पॅनची प्रत, पत्त्याचा पुरावा जोडला, अर्ज पाठवला. अहवाल हातात आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टी ठेवून मी तो ओळ न् ओळ वाचला. स्कूटरच्या कर्जाखाली महिन्यांचे चौकोन होते आणि प्रत्येकात ०००. म्हणजे त्या महिन्यात थकबाकी नाही. त्याच्या खाली एक क्रेडिट कार्ड, जे मी लेखी अर्ज देऊन बंद केलं होतं. तिथे ०३०, मग ०६०, मग ०९०, अशी दिवसांची चढण, आणि शेवटी 'रिटन ऑफ'. बंद केलेल्या कार्डावर वार्षिक शुल्क लागलं होतं, त्यावर व्याज आणि दंड. सगळी मिळून रक्कम दीड हजाराच्या आत. तेवढ्यासाठी घर अडलं होतं. ती नोंद दुरुस्त व्हायला पाच महिने गेले आणि तोवर तो फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, कामवाल्या ताईंच्या मुलाचे अहवाल वाचून देते. गेल्या वीस-बावीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्याला कधीपासून बघायला मिळालं, आणि त्यातली चूक पुसून घेण्याचं बळ कधी आलं?

सिबिल येण्याआधी पत माणसांच्या तोंडी असायची. शाखाधिकारी ओळखीचे, पतपेढीचे संचालक गावातलेच. दोन जामीनदार आणा, आधीच्या संस्थेचा बेबाकी दाखला आणा, झालं. त्यात माया होती तसा पक्षपातही होता. ज्याची कुणाशी ओळख नाही त्याला दारातूनच परत जावं लागे. आणि एकाच माणसाने तीन बँकांकडून उचल केली तर तिघींनाही एकमेकींचा पत्ता नसे. ही माहिती एकत्र यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला आणि ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल या कंपनीची स्थापना झाली. वैयक्तिक कर्जदारांच्या नोंदींचं काम २००४ मध्ये सुरू झालं. त्यासाठीचा कायदा २००५ चा आणि तो अमलात आला डिसेंबर २००६ मध्ये.

त्या कायद्यात दोन गोष्टी पहिल्यापासून होत्या. कर्ज मागणाऱ्याला आपला अहवाल मागता येईल आणि चूक दाखवली तर ३० दिवसांत दुरुस्ती होईल. कागदावर हे छानच होतं. पण २००७ मध्ये ३०० ते ९०० च्या मापातला स्कोअर आला तो बँकांसाठी. सामान्य माणसाला तो बघायला मिळाला २०११ मध्ये. चार वर्षं आपल्या नावापुढचा आकडा आपल्याखेरीज सगळे वाचत होते. याचा मला आजही राग येतो.

दरम्यान २०१० च्या सुमारास एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क (पुढे क्रिफ हाय मार्क) यांनाही परवाने मिळाले. आदित्य पुरी समितीच्या शिफारशींनंतर २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँका आणि वित्तसंस्थांना चारही कंपन्यांचं सदस्य होणं बंधनकारक केलं. माहिती पुरी झाली हे चांगलंच झालं. पण मग चुकीची नोंदही चार वह्यांत जाऊन बसू लागली. लोक म्हणताना मात्र अजून "सिबिल" एवढंच म्हणतात, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स.

खरा बदल जानेवारी २०१७ चा. त्या वर्षापासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, स्कोअरसह, फुकट द्यायचा असा नियम झाला. कंपन्या चार, म्हणून मी माझं वेळापत्रक केलं. जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये एक्सपिरियन, जुलैत इक्विफॅक्स, ऑक्टोबरमध्ये क्रिफ. दर तीन महिन्यांनी एक अहवाल, एक पैसा खर्च नाही. "सारखं बघितलं तर स्कोअर पडतो ना?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो. आपण स्वतः बघितल्याने काहीही पडत नाही. आपण कर्ज किंवा कार्ड मागतो तेव्हा देणारा जी चौकशी करतो तिची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत पाच ठिकाणी अर्ज टाकले तर ते अंगाशी येतं.

पुढे मोबाइलवर 'फुकट स्कोअर' दाखवणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. नंबर टाका, ओटीपी द्या, रंगीत काटा ७६० वर जाऊन थांबतो. पण त्या ओटीपीबरोबर आपण अहवाल उघडायची संमती देऊन बसतो आणि मग कर्जाचे फोन सुरू होतात. मला त्याहून जास्त खटकतं ते वेगळंच. या काट्याने लोकांना आकडा बघायची सवय लावली आणि अहवाल वाचायची सवय लागलीच नाही. आपल्याकडे शेतकरी सातबारा कसा वाचतो ते पाहा. क्षेत्र, नाव आणि मग इतर हक्कांचा रकाना, तिथे कुणाचा बोजा आहे का. कर्ज फिटलं की बोजा कमी करायला तो तलाठ्याकडे खेटे घालतो, कारण फिटलेलं कर्ज उताऱ्यावर राहिलं तर जमीन अडते हे त्याला ठाऊक असतं. हा अहवाल म्हणजे आपल्या पगाराचा, धंद्याचा सातबाराच आहे. त्यातही बोजा राहतो. जामीनदार म्हणून केलेली सही तिथे असते. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' हे शब्द तिथे शेजारी बसतात आणि त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. वसुलीवाला "साठ हजारांत मिटवून टाकू" म्हणतो तेव्हा माणसाला सुटल्यासारखं वाटतं. पण उरलेली रक्कम बँकेने सोडून दिली ही नोंद पुढे कितीतरी वर्षं त्याच्यामागे फिरते. हे त्याला सही करण्यापूर्वी कुणी सांगत नाही.

चूक पुसण्याचं बळ आलं ते अगदी अलीकडे. २०२२ मध्ये या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येऊ लागलं. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार एप्रिल २०२४ पासून, ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरली. त्यातले २१ दिवस बँकेचे. तिने तेवढ्यात माहिती पाठवली नाही तर भुर्दंड तिच्यावर. कुणी आपला अहवाल उघडला की आपल्याला संदेश येणार, थकबाकीची नोंद पाठवतानाही बँक कळवणार. जानेवारी २०२५ पासून माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने जाऊ लागली. तीस दिवसांचं वचन २००५ च्या कायद्यातलं, आणि ते मोडलं तर रोजची भरपाई लागू व्हायला २०२४ उजाडलं. माझ्या हातून फ्लॅट गेला त्याला तोवर जवळपास बारा वर्षं झाली होती.

आणि या काळात सिबिल बँकेच्या बाहेर पडून घराघरात शिरलं. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात मुलाचं सिबिल पाहून ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी २०२५ च्या सुरुवातीला सगळ्यांनी वाचली. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने, प्रतिकूल अहवालामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची रद्द केलेली नेमणूक योग्य ठरवली. मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकर्सच्या बैठकीत बजावलं की पीककर्जाला सिबिल मागू नका. मला ते पटतं. पाऊस दीड महिना लांबला म्हणून थकलेला माणूस आणि ऐपत असून न भरणारा माणूस, चौकोनात दोघांचंही ०९० च उमटतं. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका, असंही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितलं. ते शाखेच्या काउंटरपर्यंत पोचलंय का, हे ज्याने त्याने विचारून पाहावं.

गेल्या दिवाळीत मावसभाऊ गावाहून आला होता. ट्रॅक्टरचं कर्ज फेडून वर्ष झालं होतं, पण दुसरीकडे ठिबकसाठी कर्ज मागितलं तर नाही म्हणाले. आम्ही दोघं अहवाल उघडून बसलो. ट्रॅक्टरचं खातं अजून चालूच दिसत होतं, थकबाकीसकट. वित्तसंस्थेचा नाहरकत दाखला त्याने जपून ठेवला होता. त्याचा फोटो काढला, त्याच रात्री तक्रार टाकली आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिली. एकोणिसाव्या दिवशी त्याचा फोन आला, संदेश आलाय, बघ म्हणून. खातं 'क्लोज्ड', बाकी शून्य.

नवा अहवाल त्याने तालुक्याला जाऊन छापून घेतला. घरी सातबारा आणि आठ-अ ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत तो ठेवला.