कारागृहातील दिव्यांग तरुण आणि ज्ञानदान

डोंबिवलीतील व्यापारी कुटुंबात मुलास वाचन-लेखनाची विशेष अडचण जाणवली, तर पालक लोकल धरून शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय गाठतात. चाचण्यांनंतर अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळतो आणि त्याच्या आधारे दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हीच अडचण कल्याणच्या आधारवाडी कारागृहातील एकोणीस वर्षांच्या कच्च्या कैद्यास असेल, तर? रुग्णालयात जाण्यास परवानगी हवी, पोलीस बंदोबस्त हवा. त्याहून मोठा प्रश्न असा की, ही अडचण ओळखणार कोण? शाळेने त्याला पूर्वीच ‘मठ्ठ’ ठरविलेले असते.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता नमूद असून अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता यांचा त्यात समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षे या वयापुरताच आहे. अठराखालील मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ संस्थेतही विशेष शिक्षणाची तरतूद करतो. अठरा पूर्ण झाल्यावर गुन्ह्याचा आरोप आला की ठाणे मध्यवर्ती किंवा आधारवाडी कारागृह, आणि तेथे हा धागा तुटतो. कैद्यांसाठी ‘इग्नू’चे शिक्षण विनाशुल्क आहे, ही स्तुत्य गोष्ट होय, पण त्याचा पाया स्वयंअध्ययन, आणि या तरुणांना नेमके तेच साधत नाही.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यातून आलेला विशेष शिक्षणाचा हक्क साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत, काही अपवाद वगळता तुरुंगातही टिकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, तमिळनाडूतील एका दिव्यांग वकिलाच्या प्रकरणात, कारागृहात दाखल होतानाच दिव्यांगता ओळखण्याचे निर्देश दिले. खरी सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.

महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने कारागृहांत फळे-मिठाई देण्याची प्रथा आपल्या समाजात आहे. आहार, औषध, ज्ञान व अभय या चार दानांपैकी पहिलेच बहुधा त्या दारापर्यंत पोहोचते. ज्ञानपंचमीस आपण ग्रंथांचे पूजन करतो. दुसऱ्याच्या अध्ययनात विघ्न आणल्यास ज्ञानावरणीय कर्माचा बंध होतो, असेही मानतो. ठाणे-डोंबिवलीतील एखाद्या ट्रस्टने आठवड्यातून दोन दुपारी येणाऱ्या प्रशिक्षित विशेष शिक्षकाचे मानधन उचलले, तर मिठाईच्या खर्चाहून ते फार जड जाईल असे वाटत नाही. त्यासाठीचा प्रस्ताव कारागृह अधीक्षकांकडे लेखी द्यावा आणि त्यात दाखल्यासाठी तपासणीची विनंतीही आवर्जून जोडावी.