जुन्या इंजिनाला नवा कॅम: फायदा किती, फसगत किती?

साध्या विणीच्या यंत्रमागात दोन दांडे फिरत असतात. वरचा क्रँकशाफ्ट, खालचा बॉटम शाफ्ट. वरच्याच्या प्रत्येक फेरीला फणी एकदा ठोकते. ताण्याचा प्रत्येक धागा मात्र एका फेरीला वर जातो, दुसऱ्या फेरीला खाली येतो. धोटाही एकदा डावीकडून सुटतो, एकदा उजवीकडून. म्हणजे ही कामे पुन्हा मूळ जागी यायला वरच्या दांड्याच्या दोन फेऱ्या लागतात. म्हणून खालचा दांडा बरोबर निम्म्या वेगाने फिरवतात, आणि त्यावर बसवलेले कॅम, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेल्या चकत्या, धागे उचलण्याचे आणि धोटा मारण्याचे काम वेळच्या वेळी करतात.

चार फटक्यांच्या इंजिनाचा हिशेबही हाच आहे. इंधन-हवा आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. तो उघडणारा कॅमशाफ्टही निम्म्या वेगाने फिरतो. जर्मनीत निकोलाउस ओटोने असे इंजिन 1876 मध्ये चालवून दाखवले. त्याच्या पुढच्याच वर्षी सोलापुरात पहिली कापड गिरणी स्थापन झाली. पुढे शतकभराने, 1992 मध्ये, यतीन शहा यांनी याच शहरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही औद्योगिक वसाहतींत तिचे कारखाने आहेत. देशी मोटारींबरोबरच जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा जगभरच्या कंपन्यांच्या इंजिनांत सोलापूरचे कॅमशाफ्ट गेले आहेत. 2016 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

जुन्या पण दमदार गाडीवर जीव असलेल्या तरुणांना एक प्रश्न हमखास पडतो. इंजिन लाख-दीड लाख किलोमीटर चालले आहे, आता त्यात 'परफॉर्मन्स कॅम' टाकला तर गाडी पुन्हा जोरात पळेल का? उत्तर कॅमच्या आकारात आणि त्याच्या धातूत दडलेले आहे.

पांढऱ्या लोखंडाचा थर

कॅमशाफ्टच्या धातूकडून दोन परस्परविरोधी गोष्टी मागितल्या जातात. लोबचा, म्हणजे कॅमच्या फुगवट्याचा, पृष्ठभाग इतका कठीण हवा की कोट्यवधी वेळा घासूनही झिजू नये. आतला गाभा मात्र यंत्रावर कापता-छिद्रता येईल इतका मऊ आणि धक्का सोसेल इतका लवचीक हवा. यावर ओतकामातली जुनी युक्ती म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. साच्यात जिथे लोब यायचे तिथे लोखंडाचे थंड तुकडे बसवतात. वितळलेला रस त्यांना टेकला की तिथली उष्णता झपाट्याने ओढली जाते. हळू थंड होणाऱ्या बिडातल्या कार्बनला ग्रॅफाइट बनून वेगळे व्हायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही. कार्बन लोखंडाशीच बांधला जाऊन लोह-कार्बाइड तयार होते. तोडून पाहिले तर हा भाग पांढरट दिसतो, आतला गाभा करडा. एकाच ओतणीत, एकाच धातूचे दोन स्वभाव.

पण हा कठीण थर काही मिलिमीटरच खोल असतो. म्हणूनच झिजलेला कॅम पुन्हा ग्राइंड करून घ्यायला मर्यादा आहे. फार घासले की खालचा मऊ गाभा उघडा पडतो आणि तो कॅम काही हजार किलोमीटरांत बसतो.

दुसरी मर्यादा जोडीदाराची, म्हणजे लोब ज्याला दाबतो त्या टॅपेटची किंवा फॉलोअरची. सपाट टॅपेटशी चिल्ड आयर्नचे चांगले जमते. रोलर असलेल्या फॉलोअरमध्ये मात्र सगळा दाब एका बारीक रेषेवर येतो. तिथे पोलाद, इंडक्शनने कठीण केलेले लोखंड किंवा पोकळ नळीवर लोब बसवून केलेला जोडीव कॅमशाफ्ट लागतो. मोजमापे जुळतात म्हणून कुठलाही कॅम कुठल्याही फॉलोअरखाली घालता येत नाही.

पंधरा कोटी फेऱ्या

एक लाख किलोमीटर म्हणजे कॅमच्या दृष्टीने किती? सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर धरला तर 2,500 तास. इंजिनाची गती सरासरी 2,000 आरपीएम धरली तर क्रँकशाफ्टच्या 30 कोटी आणि कॅमशाफ्टच्या 15 कोटी फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक लोब स्प्रिंगचा दाब सोसत एक व्हॉल्व्ह उघडतो.

इतक्या कामानंतर झीज एकट्या लोबची होत नाही. टायमिंग चेनच्या कड्या आणि पिना झिजून चेन लांबते, कॅम काही अंशांनी मागे पडतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागतात. स्प्रिंगांचा ताण कमी होतो. व्हॉल्व्हची सिटिंग खराब होते, रिंगा सैलावतात. अनेक इंजिनांत कॅमशाफ्टला वेगळे बेअरिंग नसते, तो सिलिंडर हेडच्या ॲल्युमिनियमवरच फिरतो. ती जागा झिजली की तेलाचा दाब उतरतो. गाडीचा पिकअप गेला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा या सगळ्या बारीक तुटींची बेरीज झालेली असते. नवा कॅम त्यातली एकच तूट भरून काढतो.

नवा कॅम नेमके काय बदलतो?

कॅमचा स्वभाव तीन आकड्यांत सांगता येतो. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. छोट्या पेट्रोल गाड्यांत हे साधारण 8 ते 10 मिलिमीटर असते. ड्युरेशन म्हणजे तो क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो. ओव्हरलॅप म्हणजे धुराचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच हवेचा उघडल्यामुळे दोन्ही एकदम उघडे असण्याचा काळ.

ड्युरेशन 240 अंश आहे असे समजू. 800 आरपीएमच्या आयडलिंगला एक फेरी 75 मिलिसेकंदांची, म्हणजे हवा आत यायला 50 मिलिसेकंद मिळतात. 6,000 आरपीएमला फेरी 10 मिलिसेकंदांवर येते आणि हवेच्या वाट्याला 7 मिलिसेकंदही उरत नाहीत. हवेलाही वस्तुमान आहे, तिला वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून जास्त आरपीएमवर ताकद हवी असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडून उशिरा बंद करावा लागतो. पिस्टन खालून वर यायला लागला तरी आत धावणारी हवा स्वतःच्या जोरावर शिरत राहते, आणि ओव्हरलॅपच्या क्षणी बाहेर जाणारा धूर ताजी हवा मागून ओढून घेतो.

हाच लांब ड्युरेशनचा कॅम कमी आरपीएमवर उलटतो. हवेला जोर नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन भरलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन उतरते. ओव्हरलॅपमध्ये धूर उलटा आत शिरतो, मिश्रण पातळ होते. रेसच्या गाड्या उभ्या असताना थरथरतात, अडखळतात, ते यामुळे. तो आवाज अनेकांना आवडतो, पण ते अर्धवट जळणाऱ्या इंधनाचे लक्षण आहे.

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले गती. 6,000 आरपीएमला 120 न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन सुमारे 101 हॉर्सपॉवर देते. नव्या कॅममुळे तेवढाच टॉर्क 6,500 आरपीएमपर्यंत टिकला तर सुमारे 110 मिळतील. वाढ खरी आहे, पण ती 6,500 च्या आसपास. तिची किंमत दोन-अडीच हजार आरपीएमच्या टॉर्कमधून वळती होते, आणि सोलापूरच्या सात रस्त्याच्या गर्दीत किंवा पुण्याच्या हायवेवर टॉप गिअरमध्ये गाडी बहुतेक वेळ तिथेच असते. कॅम ताकद निर्माण करण्यापेक्षा ती एका गतीवरून दुसऱ्या गतीवर सरकवतो.

ही तडजोड टाळण्यासाठीच होंडाने 1989 मध्ये व्हीटेक आणले. एकाच दांड्यावर दोन प्रकारचे लोब, हळू चालताना एक आणि ठरावीक आरपीएमनंतर तेलाच्या दाबाने दुसरा. आपल्याकडची जुनी होंडा सिटी व्हीटेक हौशी लोक अजून जपतात ती याच इंजिनासाठी. अशा गाडीत बाहेरचा कॅम घालण्यापेक्षा तेलाचा दाब आणि ती अदलाबदल नीट चालते का, हे तपासण्यात शहाणपण आहे.

आधी तपासणी

कॅम मागवण्याआधी सगळे प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा इतरांपेक्षा 10-15 टक्क्यांहून खाली असेल तर दुखणे कॅमचे नाही. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा गेल्या, वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह गळतो आहे. इंजिन गरम असताना तेलाचा दाब पाहावा. चेन किंवा बेल्टची अवस्था आणि टायमिंगच्या खुणा तपासाव्यात. कधी कधी नवी चेन, नीट टॅपेट सेटिंग आणि व्हॉल्व्हचे लॅपिंग एवढ्यावरच हरवलेला पिकअप परत येतो.

इंजिन निरोगी निघाले आणि तरीही हौस असेल, तर कॅम एकटा येत नाही हे लक्षात ठेवावे. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, बंद करण्याचे काम स्प्रिंगचे असते. जुनी, ढिली स्प्रिंग जास्त लिफ्ट आणि जास्त आरपीएमला मागे पडते. व्हॉल्व्ह लोबचा पाठलाग सोडून तरंगतो आणि पिस्टनवर आपटू शकतो. म्हणून स्प्रिंगा, टॅपेट आणि चेन नवी हवी. पूर्वी हेड फेसिंग झालेले असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर आधीच घटलेले असते. ते मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नये. शेवटी ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, मॅपिंग. कॅम बदलला की सिलिंडरमध्ये जाणारी हवा बदलते, पण जुना मॅप इंधन आणि ठिणगी जुन्याच हिशेबाने देत राहतो.

सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटे निर्णायक ठरतात. लोबवर असेंब्ली ल्युब्रिकंट चोपडून, इंजिन सुरू होताच ते आयडलिंगवर न ठेवता 2,000 ते 2,500 आरपीएमवर चालवतात, म्हणजे लोबवर तेल भरपूर उडते आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत घोटला जातो. तेलात झिंक-फॉस्फरसचे झीजरोधक पुरेसे असावे लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या अनेक तेलांत ते कमी केलेले असते, आणि जुन्या पद्धतीचे कॅम त्यामुळे लवकर झिजू शकतात.

आरटीओ आणि पीयूसी

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन आयडलिंगवर मोजतात. जास्त ओव्हरलॅपचा कॅम नेमका तिथेच न जळलेले इंधन बाहेर सोडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा फेरबदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हेड उघडण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घेतलेले बरे.

विजेच्या मोटारीत व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे कॅमशाफ्टही नाही. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने 2018 मध्ये विजेच्या ट्रक-बसची यंत्रणा बनवणाऱ्या एका डच कंपनीत हिस्सा घेतला, तो हे ओळखूनच. तरी पेट्रोलच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर राहतीलच. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत परफॉर्मन्स कॅम घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याच पैशात चेन, स्प्रिंगा, सिटिंग आणि कंपनीच्याच मापाचा नवा कॅम बसवावा. जास्त लिफ्टचा कॅम ट्रॅकवर पळणाऱ्या, आतून पूर्ण नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी राखून ठेवावा. आणि काम कुणाकडेही दिले तरी, कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका.